शिरो मेदाची चढण

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. आम्हा नाशिककरांच्या मनातली उंची तिथे संपते. आदिस अबाबा हे अख्खं शहर त्याच्याही सातशे-आठशे मीटर वर वसलंय, आणि मी ज्या भागात खोली घेतली तो शिरो मेदा शहराच्याही वर, एन्तोतो डोंगराच्या पायथ्याशी. २०१४ च्या सप्टेंबरात मी तिथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला गेले. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मिनीबसमधून उतरून घराची चढण चढताना छाती भरून आली आणि मी एका दगडी कुंपणाला टेकून उभी राहिले. वरून एक बाई उतरत होती. पाठीवर निलगिरीच्या फांद्यांचा भारा, लांबीला तिच्या दुप्पट, वजनाला तीस-पस्तीस किलो तरी असेल. ती कमरेतून पार वाकलेली होती. माझ्याजवळ आल्यावर ती थांबली, भाऱ्याखालून मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आयझोश."

हा माझा पहिला अम्हारिक शब्द. धीर धर, होईल नीट, असा त्याचा अर्थ. बाईला आयझोश, पुरुषाला आयझोह. मूल पडलं, नोकरी गेली, ताप आला, आई वारली, सगळ्याला हा एकच शब्द. पाठीवर एवढं ओझं असताना तो दुसऱ्याला म्हणणारी ती बाई मी अजून विसरलेले नाही.

या भाऱ्यांना शहराच्या जन्माइतका जुना इतिहास आहे. सम्राट मेनेलिक दुसरे यांची राजधानी आधी एन्तोतोच्या माथ्यावर होती. तिथे वारा बोचरा आणि सरपणाची वानवा. राणी तायतू यांना खालच्या मैदानातले गरम पाण्याचे झरे आवडले, तिथे वस्ती झाली, आणि १८८६ मध्ये तायतूंनीच तिला नाव दिलं: आदिस अबाबा, नवं फूल. पण थोड्याच वर्षांत आजूबाजूचं जंगल चुलींत गेलं आणि राजधानी पुन्हा हलवायची वेळ आली. तेव्हा ऑस्ट्रेलियातून भराभर वाढणारी निलगिरी आणून लावली गेली आणि शहर जागेवर राहिलं. अम्हारिकमध्ये निलगिरीला बाहिर झाफ म्हणतात, समुद्रापलीकडचं झाड. समुद्रापलीकडून आलेल्या एका झाडावर हे शहर तगलंय हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

राहायला मात्र शहर अवघड, आणि पाच वर्षांत ते सोपं झालं नाही. आमच्या गल्लीत आठवड्यातून दोन दिवस पाणी यायचं, तेही बहुतेक रात्री. नळाखाली पिवळे कॅन रांगेने लावून ठेवायचे आणि नळाने खाकरल्यासारखा आवाज केला की उठायचं. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. दिवे आले की गल्लीतली सगळी पोरं एकदम ओरडायची, "मेब्रात मॅटा!", म्हणजे लाइट आली. आपल्याकडच्या वाड्यातल्या पोरांचाही अगदी हाच सूर असतो. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास शिजवली तरी दाण्याला दाणा राहतो. नाशिकहून आणलेला कुकर म्हणूनच माझ्या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू होती. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध शिकवायला मी तो कुकरच वर्गात नेला होता. मुलांनी शिट्टी ऐकून टाळ्या वाजवल्या आणि एका मुलीने विचारलं, "आमच्या आज्या वाल भिजवल्याशिवाय शिजवत नाहीत, ते यामुळेच का?" प्रश्न असा घरातून आला की शिकवण्याचं चीज होतं.

वेळेचा हिशोबही वेगळा. दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. माझा आठ वाजताचा तास मुलांच्या वहीत दोन वाजता लिहिलेला असायचा. वर्षाचे महिने तेरा: तीस-तीस दिवसांचे बारा आणि पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे. मी पोचले त्या आठवड्यात तिथे २००७ साल उजाडत होतं. ज्यांच्या घरी कालनिर्णयवर इसवी सनाशेजारी शके छापलेलं असतं, त्यांना दोन सनांत राहायला जड जात नाही. मला तर सूर्योदयापासून मोजलेला दिवस पटलाच. आजी घटका मोजायची ती अशीच.

खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या बाईंच्या आवारात. अशा कुंपणाच्या आवाराला गिबी म्हणतात. चार-पाच खोल्या, मध्ये अंगण, कोपऱ्यात सामाईक चूल. बाईंना सगळे एमामा म्हणत, मीही एमामाच म्हणायला लागले. मी मांस खात नाही हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं तर त्यांनी विचारलं, "आज उपास?" तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवस असतो, आणखीही असतात. भाविक माणूस वर्षातले १८० च्या आसपास दिवस उपास करतो, आणि उपासाला मांस, दूध, तूप, अंडं काही चालत नाही. मी म्हटलं, रोजचाच उपास. एमामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यानंतर आवारात कुणीही माझी ओळख करून देताना त्या सांगायच्या की ही हिंदची शिक्षिका फार देवभक्त आहे. मी दूध पिते हे मी नंतर त्यांना समजावून सांगितलं, तरी त्यांचं मत बदललं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पुढ्यात ठेवलं ते शिरो. हरभऱ्याचं आणि वाटाण्याचं भाजलेलं पीठ, कांदा, लसूण, बेर्बेरेचं लाल तिखट, मातीच्या भांड्यात बुडबुडे फोडत रटरटणारं. पिठलं! वास, दाटपणा, कडेला धरलेली खरपुडी, सगळं आमच्या चुलीवरचं. त्याच्याखाली इन्जेरा. तेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, मागच्या वेळचं आंबवण विरजणासारखं त्यात घालतात आणि मोठ्या मातीच्या तव्यावर कडेपासून मध्यापर्यंत गोल धार सोडतात. झाकण ठेवून एकाच बाजूने शिजवतात, उलटत नाहीत. वर जाळी पडते, त्या भोकांना डोळे म्हणतात. डोळे जेवढे दाट, तेवढी बाई सुगरण. आंबोळीवर वाढलेल्या माणसाला ही परीक्षा लगेच कळते.

पण घास खरा अडला तो तिसऱ्या महिन्यात. कोपऱ्यावर बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून कांदे, मिरच्या, दाणे विकतात, त्या छोट्या बाजाराला गुलित म्हणतात. तिथे एका टोपलीत काळं, चकचकीत, बारीक, लांबट बी दिसलं. मूठ भरून हातात घेतलं. खुरासणी. पुण्याकडे याला कारळे म्हणतात. विकणारी म्हणाली, नूग. पेठ-त्र्यंबकच्या उतारांवर पाऊस सरता सरता जी पिवळी शेतं फुलतात, तेच पीक इथिओपियात पिढ्यान्‌पिढ्या तेलासाठी पेरतात. त्याच्या शास्त्रीय नावात तर ॲबिसिनिया, म्हणजे इथिओपियाच आहे. मी अर्धा किलो घेतलं, एमामांच्या तव्यावर भाजलं, त्यांच्याच उखळीत लसूण आणि बेर्बेरे घालून कांडलं. चटणी तोंडात गेली आणि मला आईच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली. एमामांनी बोटाने चाखून पाहिली आणि म्हणाल्या, नूग असं खातात हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात आवारातल्या तीन घरांत ती चटणी होती.

अक्षरं मी एमामांच्या नातीबरोबर शिकले. ती पहिलीत होती. अम्हारिकची लिपी फिदेल. तेहतीस मूळ अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं. स्वराप्रमाणे अक्षराला कुठे पाय फुटतो, कुठे कडी लागते. ती बाराखडीच आहे, फक्त सात घरांची. लॅ, लू, ली, ला, ले, ल्, लो, असं आम्ही दोघी अंगणात बसून एका तालात म्हणायचो. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. मोठ्यांना वेगळं सर्वनाम आहे. 'तू' बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा. जिभेला खरा त्रास झाला तो घशात हवा कोंडून सोडायच्या व्यंजनांचा. ती उच्चारताना बारीक फुगा फुटल्यासारखा आवाज यावा लागतो. नात माझ्या ओठांकडे पाहत बसायची आणि बरोबर आला की मान डोलवायची. मिनीबसमध्ये थांबा आला की "वराज आले" म्हणायचं असतं, म्हणजे उतरणारं माणूस आहे. सुरुवातीचे दोन महिने दुसरं कुणी म्हणेल म्हणून मी वाट पाहायची आणि दोन थांबे पुढे जाऊन मागे चालत यायची. एका संध्याकाळी शिरो मेदाच्या वळणावर माझ्याच तोंडून ते मोठ्याने निघालं, गाडी थांबली, आणि मागे वळून कुणी पाहिलंसुद्धा नाही.

शेजारी एक निवृत्त कारकून राहायचे, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना सगळे गाशे म्हणत, वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं. मी हिंदची आहे कळल्यावर ते काठी टेकत अंगणात आले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझे बीजगणिताचे शिक्षक केरळचे होते." हे वाक्य, थोड्या फरकाने, मी आदिसमध्ये इतक्या वृद्ध माणसांकडून ऐकलं की मोजणं सोडलं. इटालियन फौजा १९४१ मध्ये हटल्यावर सम्राट हेले सेलासी यांनी शाळा नव्याने उभ्या करायला घेतल्या आणि भारतातून शिक्षक बोलावले. पुढची तीन दशकं ते दूरदूरच्या गावांत गेले, जिथे रस्ता नव्हता तिथे खेचरावरून गेले. मला भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत जो आदर मिळायचा, तो त्या लोकांनी कमावलेला होता. त्यांच्यातल्या कुणालाही मी पाहिलेलं नाही. वर्गात तास चांगला झाला नाही की मला त्यांची लाज वाटायची.

गाशेंना त्यांच्या गुरूंनी शिकवलेली वर्गसमीकरणाची रीत तोंडपाठ होती. कॉफीला बसलो की ते ती एकदा म्हणून दाखवायचेच. आणि कॉफीला बसणं रोजचं होतं. तिथे कॉफी पितात म्हणजे तासभर बसतात. जमिनीवर हिरवं गवत पसरायचं, कच्च्या बिया धुऊन पळीसारख्या लांब दांड्याच्या तव्यात भाजायच्या, धूर निघू लागला की तो तवा प्रत्येकाच्या तोंडासमोरून फिरवायचा आणि प्रत्येकाने हाताने धूर स्वतःकडे ओढून घ्यायचा, आरती घेतो तसा. मग खलबत्त्यात कुटायच्या, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळायच्या, शेजारी निखाऱ्यावर ऊद. बिनकानाच्या छोट्या कपांत तीन फेऱ्या: आबोल, तोना, बराका. पहिली कडक, तिसरी पातळ, आणि तिसरी न घेता उठणं बरं दिसत नाही, कारण बराका म्हणजे आशीर्वाद. तासांच्या तयारीसाठी मी सुरुवातीला दुसऱ्या फेरीनंतर उठायची. एमामांनी एकदा माझा हात धरून खाली बसवलं. तेव्हापासून मी तयारी पहाटे करू लागले.

वर्गात मुलं हुशार होती आणि बुजरी होती. नववीपासून शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे उत्तर डोक्यात असूनही ओठांवर येत नसे. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले आणि अकरावीला सायन्सच्या वर्गात हेच सोसलं. म्हणून मी नियम केला: उत्तर आधी अम्हारिकमध्ये द्या, ओरोमोमध्ये द्या, मग आपण सगळे मिळून ते इंग्रजीत नेऊ. मला निम्मं कळायचं नाही, पण वर्ग बोलू लागला.

द्रवाचा दाब शिकवताना मी त्यांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा, अरबस्तान ओलांडून दख्खनेत पोचलेला, पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दमवलं. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवलं, पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून, निव्वळ उताराच्या आणि दाबाच्या जोरावर त्याने शहरात आणलं. मी फळ्यावर नहर काढली, उंचीतला फरक लिहिला, दाबाचं सूत्र मांडलं. त्याची कबर खुलताबादला आहे आणि आमच्याकडे त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, असं सांगितलं. वर्गात चिडीचूप झालं होतं. आठवड्यातून दोन दिवस पाणी येणाऱ्या शहरातली ती मुलं होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात कधी बोलला नव्हता, उभा राहून हळू म्हणाला, "टीचर, म्हणजे तुमच्या गावाला पाणी आमच्या माणसाने दिलं." मी हो म्हटलं. त्याने सूत्र वहीत उतरवून घेतलं आणि त्याच्याखाली मलिक अंबर असं फिदेलमध्ये लिहिलं.

ओरोमियातली सरकारविरोधी निदर्शनं चिघळली आणि २०१६ च्या ऑक्टोबरात देशात आणीबाणी जाहीर झाली. मोबाइलवरचं इंटरनेट बंद झालं. वर्गातल्या ओरोमिया भागातल्या मुलांचे चेहरे उतरलेले असायचे, गावाकडची बातमी लागत नव्हती. घरून अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला, परत ये म्हणाले. मी दोन दिवस विचार केला. खोलीत एकटी असते तर कदाचित निघाले असते. पण त्या दिवसांत एमामा संध्याकाळी माझ्या दारावर काठी आपटून बोलवायच्या, अंगणात सगळे एकत्र बसायचे, कुणी काही फारसं बोलायचं नाही. आयझोश, आयझोह, एवढंच इकडून तिकडे चालायचं. मी अण्णांना कळवलं की सत्र संपल्याशिवाय येत नाही.

त्याच हिवाळ्यात आवारातल्या बायकांनी मला इकुबमध्ये घेतलं. इकुब म्हणजे आपली भिशी, तंतोतंत. दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी काढायची, नाव येईल तिची पाळी. माझी पाळी आली तेव्हा मी अंगणात पाण्याची मोठी काळी टाकी बसवली, सगळ्यांच्या वापराला. तिथे टाकीला रोटो म्हणतात. मग एमामांनी मला इद्दिरमध्ये नेलं. ही गोष्ट मोठी आहे. इद्दिर म्हणजे वस्तीची मयतीची मंडळी. दर महिन्याला थोडे बिर भरायचे, आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला की तंबू, बाकं, भांडी, स्वयंपाक, खांदा द्यायला माणसं, सगळं इद्दिर करतं. गरीब-श्रीमंत, ख्रिस्ती-मुसलमान, कुणीही इद्दिरशिवाय राहत नाही. वहीत नाव लिहिताना कारभाऱ्याने मला आडनाव विचारलं नाही, तिथे आडनाव नसतंच. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं.

इद्दिरचा माणूस पहाटे तुरुंबा, म्हणजे तुतारी, वाजवत गल्लीतून फिरतो आणि कोण गेलं ते पुकारतो. २०१८ च्या पावसाळ्यात एका पहाटे त्याने गाशेंचं नाव पुकारलं. मी उठून दार उघडलं तर एमामा हातात पांढरी नेतेला घेऊन उभ्या होत्या. आपल्या ओढणीसारखं हे सुती वस्त्र, रंगीत काठाचं, शिरो मेदाच्या मागांवरच विणलेलं. सणाला काठ खाली ठेवतात. एमामांनी तो वर, माझ्या खांद्यांवर मानेशी आणला आणि मला ओढून बाहेर नेलं. दुखवट्याच्या घरी गहू आणि हरभरे उकडून वाटतात, निफ्रो म्हणतात त्याला. घुगऱ्या. आमच्याकडे त्या बारशाला वाटतात. तंबूत बसून मी मूठभर घुगऱ्या हातात धरल्या आणि बराच वेळ मला त्या तोंडात घालता आल्या नाहीत. शेजारी बसलेल्या गाशेंच्या मुलीला मी तिच्या वडिलांची वर्गसमीकरणाची रीत म्हणून दाखवली, मला जमेल तशी. तिने माझा हात धरला आणि ती पुढची ओळ म्हणाली.

पुढच्या वर्षी, निघायच्या दोन महिने आधी, परीक्षेचे पेपर तपासण्यात मी एका अंत्ययात्रेला गेले नाही. आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाच्या एक आजी वारल्या होत्या. रविवारी इद्दिरचा कारभारी वही घेऊन दारात आला. न येणाऱ्याला दंड असतो, दहा बिर. एमामा मध्ये पडल्या, परदेशी आहे, परीक्षा होती, असं काहीतरी म्हणाल्या. कारभाऱ्याने मान हलवली आणि वहीतलं पान दाखवलं, यादीत नाव आहे. मी दहा बिर दिले. त्याने पावती फाडली. फिदेलमध्ये माझं नाव लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे अण्णांचं, ज्यांनी हे शहर कधी पाहिलं नाही. मी ते अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं. दारात उभी असलेली नात, आता सहावीत गेलेली, एका ठिकाणी माझा उच्चार दुरुस्त करून आत पळाली, कारण नळ खाकरायला लागला होता.